मी लावली की लागते

जुन्या गाडीबद्दल मालकाच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मी लावली की लागते.’ त्यात तक्रार थोडी आणि अभिमान जास्त असतो. दुसऱ्या कुणाला न जुमानणारी गाडी आपलं मात्र ऐकते, याचं माणसाला सुख वाटतं. भालकीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना हे वाक्य इतकं कानावर पडलंय, की आता ते ऐकलं की मी बॅटरीकडे जात नाही, आधी चावी बघतो. जी गाडी एकाच हाताला लागते, तिच्यात कुठंतरी झीज झालेली असते आणि त्या हातानं ती झीज पाठ केलेली असते.

आमचा भाग सीमेवरचा. १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि आम्ही एकाच बिदर जिल्ह्यात होतो. मग ते तालुके आताच्या महाराष्ट्राकडं गेले, भालकी, औराद, बसवकल्याण आताच्या कर्नाटकात राहिले. सोयरिकी आणि बाजारहाट मात्र कुणी वाटून घेतली नाही. दुकानापुढं केए-३८ आणि केए-३२ च्या शेजारी एमएच-२४ पासिंगची गाडी उभी असते. तक्रार मराठीत सांगितली जाते, फोन कन्नडमध्ये येतो आणि पैशांची घासाघीस दखनीत होते. सोयाबीन उदगीर-लातूरला जातं, तूर कलबुर्गीच्या डाळ मिलांकडे. त्या तुरीच्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण शेतातून अडतीपर्यंत ती येते पिकअपवर, आणि त्यातल्या कितीतरी पिकअप पहिल्या मालकाचं नाव विसरलेल्या असतात. माणिकनगरच्या दत्तजयंतीला, मैलारच्या खंडोबाला, गाणगापूरला खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं घेऊन जातात त्याही याच गाड्या. २००५ साली ‘छोटा हत्ती’ नावाची लहान मालगाडी आली तेव्हा जुन्या पिकअपचे दिवस भरले असं लोक म्हणाले. तसं काही झालं नाही. दीड टनाच्या जागी अडीच टन भरायचा असला की अजून जुनीच बाहेर निघते.

या गाड्यांच्या चावीला एक शत्रू इथल्या मातीतच आहे. बिदरच्या पठारावर जांभा दगड, त्याची तांबडी धूळ. हुमनाबाद ओलांडून कलबुर्गीकडं निघालं की काळी माती सुरू होते. उन्हाळ्यात काच खाली करूनच गाडी चालते आणि चावीचं भोक तर कायम उघडंच. त्यात चावी अडकायला लागली की कुणीतरी खोबरेल तेल सोडतं, कुणी डिझेल. दोन दिवस बरं वाटतं. मग तेलावर धूळ बसते आणि आत घासणारा लेप तयार होतो.

एका पिकअपची हकीकत सविस्तर सांगतो, कारण या दुखण्यातलं बहुतेक सगळं तिच्यात आलं.

मालक कारंजा धरणाच्या बाजूच्या गावचे, वयानं मोठे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. तुरीचा हंगाम होता आणि घरात लग्न निघालेलं, म्हणून त्यांनी तूर भरून भाच्याला कलबुर्गीला पाठवलं. वाटेत हुमनाबादच्या पुढं एका खड्ड्यात गाडी आदळली आणि इंजिन आपोआप बंद पडलं. परत लागलं. मार्केट यार्डात माल उतरवल्यावर मात्र चावी फिरवली तर काहीच नाही. शेवटी हमालांनी धक्का मारून लावून दिली आणि पोरगं इंजिन बंद न करता भालकीपर्यंत आलं.

“ह्याला गाडी लावायची अक्कल नाही,” मामा म्हणाले. “मी लावलो की एका दमात लागती.”

भाचा बिचारा खाली बघत उभा. गाडीवर आधीच बराच खर्च झालेला होता. थंडीत सेल्फ उचलत नाही म्हणून कुणीतरी नवी बॅटरी घ्यायला लावली होती. तरी फरक पडेना, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी सेल्फ खोलून कार्बन बदलले होते. दोन्ही कामं वाईट झाली होती असं नाही. फक्त दुखणं तिथं नव्हतं.

मी काहीच उघडलं नाही. गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि भाच्याला चावी फिरवायला सांगितली. डॅशचे दिवे लागले, विझले, परत लागले. सेल्फच्या जागी चावी गेली तर नुसता कट्ट आवाज. त्याला उतरवून मामांना बसवलं. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की निकाल लागला.

“मामा, आता काय केलाव तुम्ही?”

“काय केलो? चावी फिरवलो.”

“परत एकदा करा. हळू.”

तेव्हा दिसलं. मामा चावी पूर्ण आत घालत, मग सुताभर मागं ओढत, अंगठ्यानं वर दाबून धरत आणि दाब न सोडता फिरवत. शेवटी सेल्फच्या जागेवर मनगटाला आणखी एक पीळ. इतकं सगळं एका क्षणात, आणि यातलं काहीही आपण करतो याचा त्यांना पत्ता नव्हता. कुलूप एकाएकी बिघडलं असतं तर ते त्याच दिवशी माझ्याकडे आले असते. ते वर्षावर्षानं झिजलं, तसा त्यांचा हात वर्षावर्षानं शिकत गेला. जुनी कोल्हापुरी मालकाच्या पायाला बसते आणि दुसऱ्याला चावते, तसं ते कुलूप झालं होतं. भाच्याचा हात नवा होता, म्हणून त्याला खरं काय ते दिसलं आणि बोलणीही त्यालाच बसली.

आता शंका बरीचशी पक्की होती, पण शंकेवर पार्ट बदलायचा नसतो. नाहीतर बॅटरी आणि कार्बनच्या रांगेत मीही जाऊन बसलो असतो. पहिला प्रश्न विचारला, दुसरी चावी कुठंय? ती घरी कपाटात, गाडीच्या कागदांसोबत निघाली. भाचा मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. दोन्ही चाव्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडं धरल्या. रोजच्या चावीचा पांढरा मुलामा कडांवरून उडून खालचं पितळ दिसत होतं आणि दातांची टोकं गोल झाली होती. कपाटातल्या चावीचे दात अजून धारदार होते.

ही परीक्षा साधी आहे आणि पुष्कळदा इथंच काम संपतं. न वापरलेली चावी मऊ फिरली, तर झिजलीय ती फक्त चावी. मग त्या चांगल्या चावीवरून नवी करून घ्यायची, झिजलेल्या चावीवरून कधीच नाही. बाजारातले चावीवाले चाचा गिऱ्हाइकाला हेच सांगतात, “घिसी चाबी की नकल में घिसाई भी आती, भाई.” मशीनला मूळ दात माहीत नसतात, समोर आहे ते ती उतरवते. या गाडीत मात्र चांगली चावीही तशीच अडली. उलट भाच्यानं चालू इंजिनमध्ये चावी हलकेच ओढली, तर ती हातात निघून आली. इंजिन चालूच. मामांच्या चेहऱ्यावरचा अभिमान तेव्हा पहिल्यांदा हलला.

मग मीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फच्या सोलेनॉइडवर जी बारीक वायर येते, तिच्यावर मीटरची एक सुई ठेवली आणि भाच्याला चावी फिरवायला लावली. आकडा सात-आठच्या आसपास नाचत राहिला. मामांनी फिरवली तर तोच आकडा बॅटरीच्या जवळ गेला आणि सेल्फ फिरला. नंतर चावीला बाजूला ठेवून जाड वायरनं बॅटरीचा करंट थेट सोलेनॉइडच्या त्या टोकाला दिला. सेल्फ दणक्यात फिरला. म्हणजे बॅटरी ठीक, सेल्फ ठीक, अर्थ ठीक. करंट वाटेत कुठंतरी अडत होता, आणि या गाडीला सेल्फचा रिले नसल्यामुळं वाटेत चावीचा स्विच सोडला तर जवळपास काही नव्हतंच.

स्विचमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या टोकांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की मी त्याच्यावर डोळा ठेवतो. इथं चार-पाच व्होल्ट आतच मुरत होते. मुरतात म्हणजे जळतात. त्यांची उष्णता होते आणि ती प्लॅस्टिक खाते.

खड्ड्यात इंजिन का बंद पडलं तेही इथंच उलगडलं. फार जुन्या डिझेल गाड्यांना इंजिन बंद करायला ओढायची केबल असायची. इंजिन एकदा लागलं की चावीचा आणि त्याचा संबंध संपला. पुढच्या गाड्यांमध्ये डिझेल अडवणारा सोलेनॉइड आला. चावीतून करंट येतोय तोवर तो डिझेल सोडतो, करंट गेला की अडवतो. स्विचचा संपर्क ढिला असला, की खड्ड्याच्या हादऱ्यानं करंट तुटतो आणि इंजिन मान टाकतं. मामांच्या चावीच्या जुडग्यात घराची, गोठ्याची, ट्रॅक्टरची आणि पंपाच्या पेटीची चावी होती, वर खंडोबाचा पितळी टाक लावलेला. एवढं ओझं प्रत्येक खड्ड्यात चावीला खाली ओढत होतं.

हे बारीक वाटतं, पण जगात यावरून माणसं गेली आहेत. २०१४ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं इग्निशन स्विचच्या दोषापायी सुमारे २६ लाख छोट्या गाड्या परत बोलावल्या. त्या स्विचमध्ये चावी जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग आणि खिट्टी कमजोर होती. गुडघा लागला, खड्डा आला किंवा जुडगं जड असलं, की चावी मागं सरकायची. मग चालत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग जड आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसे. भरपाईसाठी नेमलेल्या निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीनं मालकांना एक साधी सूचना दिली होती. जुडगं काढा, गाडीची एकटी चावी वापरा. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी टाक काढून कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. बाकीच्या चाव्या भाच्याकडे गेल्या.

आता काम. पहिली गोष्ट बॅटरीची निगेटिव्ह काढणं. इग्निशनच्या जाड वायरीत कायम करंट असतो आणि तिथं फ्यूजचा भरवसा धरता येत नाही. मग स्टिअरिंगखालचं कव्हर सोडलं, कपलरच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढला आणि कपलर ओढला. एका टोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. कुलपाच्या मागं विजेचा स्विच दोन बारीक स्क्रूंवर असतो. तो अलग करून कपलर परत जोडला, निगेटिव्ह लावली आणि स्विचच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला. सेल्फ लागला, पण काहीसा अडखळत. म्हणजे दोष दोन्हीकडं होता, पण दोन्हीकडं सारखा नव्हता.

इथं बरेच कारागीर फक्त मागचा स्विच बदलतात. तो स्वस्त असतो, पटकन बसतो आणि गाडी लागते. काही महिन्यांनी तोच स्विच जळून परत येतो. कारण समजायला कुलूप काढून हातात घ्यावं लागतं. बॅरलच्या शेपटाला एक चपटी जीभ असते, ती स्विचच्या खाचेत बसून त्याला फिरवते. या जिभेच्या कडा गोल झाल्या होत्या. चावी पूर्ण फिरली तरी स्विच थोडा कमीच फिरायचा. आतले संपर्क अर्धवट टेकायचे, ठिणगी पडायची, डाग धरायचा, डागामुळं विरोध वाढायचा आणि विरोधामुळं उष्णता. मामांच्या मनगटाचा तो शेवटचा पीळ हीच उरलेली फिरकी भरून काढत होता.

निगेटिव्ह परत काढून कुलूप सोडवायला घेतलं. हे काम मुद्दामच अवघड ठेवलेलं असतं. स्टिअरिंगच्या नळीला कुलूप आवळणाऱ्या बोल्टची मुंडकी कारखान्यातच तोडलेली असतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. उरलेल्या गुळगुळीत बुंध्याच्या कडेला पंचानं खूण केली, त्या खाचेत छिन्नीची धार तिरकी टेकवली आणि उलट्या बाजूनं हलके हलके ठोके देत गेलो. जोराचा घाव घालायचा नाही, स्टिअरिंगच्या नळीला हादरा बसता कामा नये. बराच वेळ काही होत नाही. मग ठोक्याचा आवाज बदलतो, बुंधा केसभर सरकतो, आणि त्यानंतर तो पकडीनंही फिरतो. इथं घाई केली तर ड्रिल मारण्यावाचून मार्ग राहत नाही.

जुनं बॅरल पुढं मी शिकणाऱ्या पोरांना दाखवण्यासाठी उघडलं. आत एकामागे एक पितळी पत्र्या असतात, प्रत्येकीला मधे चौकोनी खिडकी आणि कडेला बारीक स्प्रिंग. बरोबर चावी गेली की सगळ्या पत्र्या बॅरलच्या पातळीत येतात आणि ते फिरायला मोकळं होतं. चावी काढली की स्प्रिंगा त्यांना बाहेर ढकलतात आणि बॅरल अडतं. इथल्या पत्र्यांचे कोपरे झिजून गोल झालेले, काही खाचेतच रुतलेल्या. खाचांत तांबूस-काळा लेप, खोबरेलाचा वास अजून येत होता. अशा कुलपाला चावी ओळखता येत नाही. ते एकीकडं मालकाला अडवतं आणि दुसरीकडं चपट्या स्क्रूड्रायव्हरनंही फिरतं.

कुलपाची करड्या रंगाची खोळ जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यात थोडं अॅल्युमिनियम. आमच्या बिदरच्या बिदरीकामाची धातूही मुख्यतः जस्तच, त्यात थोडं तांबं. जस्त कमी आचेवर वितळतं, साच्यात बारीकसारीक नक्षीसुद्धा नीट भरतं आणि थंड झाल्यावर छिन्नीला वाट देतं, म्हणून तर बिदरीत चांदीची तार जडवता येते. त्यावर शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागराचा हात फिरला की जस्त काळं पडतं आणि चांदी उजळते. जस्ताचा मऊपणा तिथं कारागिराच्या कामी येतो, कुलपात तो धुळीच्या कामी येतो. म्हणून धूळ आत जाऊ न देणं हीच कुलपाची खरी देखभाल. चावी अडकतच असेल तर तेल नाही, ग्राफाइटची कोरडी पूड. नसेल तर पेन्सिलीचं शिसं खरवडून चावीला चोळलं तरी चालतं.

मामांना मी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे पूर्ण संच, स्टिअरिंग लॉक, बॅरल आणि स्विच, दोन नव्या चाव्यांसकट. दारांची आणि डिझेल टाकीची चावी मग वेगळी राहणार. दुसरी त्यांनीच काढली.

“बटन बसव की. खाली एक खटका आन् सेल्फला बटन. लई जन तसंच चालवायलेत.”

खरं आहे, चालवतात. काम स्वस्तात होतं आणि लगेच होतं. पण खटक्याला मालक आणि चोर दोघं सारखेच. स्टिअरिंग लॉक निकामी राहतं, आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी आधी दोन्ही चाव्या मागते. खटक्याची चावी कुठून दाखवणार? शिवाय जुनं झिजलेलं कुलूप तसंच स्टिअरिंगला ठेवलं तर आणखी धोका. चावी निघून बॅरल लॉकपर्यंत मागं फिरलं, की आतला खिळा स्प्रिंगच्या जोरावर स्टिअरिंगच्या खाचेत बसू शकतो. ते चालत्या गाडीत, वळणावर झालं तर ब्रेक असून उपयोग नाही. मामा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “संचच टाक.”

नवा संच बसवताना क्रम चुकवायचा नाही. नवे बोल्ट आधी हातानं आवळायचे, मुंडकी तोडायची नाहीत. कपलर जोडून चारही जागा तपासायच्या. लॉकमध्ये चावी काढून स्टिअरिंग फिरवलं की खिळा बसतो का, चावी घातल्यावर सुटतो का, सेल्फवरून हात सोडला की चावी आपोआप मागं येते का. हे सगळं पास झालं की मगच बोल्ट आवळत जायचं आणि मुंडकं टक्कन तुटू द्यायचं. एकदा तुटलं की परत छिन्नीचाच रस्ता.

त्यासोबत मी सेल्फला रिले लावला. सोलेनॉइडचा जड करंट आता थेट बॅटरीतून रिलेमार्फत जातो, स्विचला फक्त रिलेची कॉइल सांभाळायची. टेप, केबिनचा पंखा, समोरची एलईडी पट्टी आणि कर्णा या सगळ्यांच्या वायरी कुणीतरी इग्निशनच्या वायरीला गुंडाळल्या होत्या. त्या सोडून त्यांना वेगळा फ्यूज आणि वेगळा रिले दिला. गाडीत नवं काही लावायचं म्हटलं की प्रत्येकाला करंट चावीपाशीच सापडतो. अर्धवट टेकणाऱ्या संपर्कांवर हे ओझंही पडत होतं.

काम झाल्यावर मामांनी गाडी लावली. सवयीनं चावी सुताभर मागं ओढली, अंगठ्यानं दाबली, आणि चावी फिरलीच नाही. नव्या कुलपाला ते नखरे मान्य नव्हते. भाच्यानं सरळ घातली, सरळ फिरवली, लागली. मामा हसले आणि म्हणाले, “आता मलाच शिकावं लागतंय.”

नव्या कुलपासोबत मिळालेल्या दुसऱ्या चावीबद्दल मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. ती जुडग्यात घालू नका आणि ‘पडून आहे’ म्हणून विसरूही नका. कागदांसोबत कपाटात ठेवा आणि खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालता, त्या दिवशी तिनं गाडी लावून बघा. रोजची चावी वर्षभर घासली जाते आणि आपला हात तिच्यासोबत जुळवून घेतो, त्यामुळं त्या दोघांना विचारून काही कळत नाही. कपाटातल्या चावीनं वर्षभर काहीच सहन केलेलं नसतं. दोघींत फरक जाणवला, तर झीज सुरू झालीय. तेव्हाच या, चावीवर भागेल. तूर भरून झाल्यावर आलात तर कुलूपच बदलावं लागेल आणि माल गाडीतच अडकून राहील.